शाळा व्यवस्थापन समितीचा हिशेब पाहायचा तर नेमके कोणते कागद मागायचे?

चिंचेखालचा यांचा प्रश्न

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ८६. पालकसभेतून नवी शाळा व्यवस्थापन समिती निवडली गेली आहे. आधीच्या दोन वर्षांत किती सभा झाल्या, अनुदान किती आलं आणि कशावर गेलं, हे कोणालाच सांगता येत नाही. शाळेत विचारलं की "सगळं ऑनलाइन आहे, तालुक्याला विचारा". तालुक्याला विचारलं की "कागद शाळेतच असतात".

जाणकारांनी एवढं सांगावं:

१. समितीच्या सदस्याला हिशेब पाहायचा हक्क आहे, की त्यालाही माहितीचा अधिकार टाकावा लागतो?
२. मागायचं तर नेमकं काय मागायचं?
३. समितीच्या खात्याचं पासबुक पाहिलं तर शिल्लक शून्य. मग पैसे गेले कुठे?
४. पूर्वी शिक्षण मंडळं असायची. आता दाद कोणाकडे मागायची?

गावात कोणाशी वैर नको आहे. शिक्षक शिकवतात चांगलं.

---

रोकडवही यांचं उत्तर

तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण नव्या समित्या हमखास तिथेच अडखळतात आणि मुख्याध्यापकांवर नको तो आरोप करून बसतात.

पासबुकात शून्य दिसणं हा घोटाळा नाही, तशी व्यवस्थाच आहे. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेचा पैसा (शाळेचं अनुदान त्यातूनच येतं) २०२१ पासून एकल नोडल खात्यातून चालतो. रक्कम राज्याच्या एकाच खात्यात राहते. आपल्याकडे ते महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आहे. शाळेच्या शून्य शिल्लक खात्याला मिळते ती फक्त खर्चाची मर्यादा, म्हणजे बोलीभाषेतलं 'लिमिट'. मुख्याध्यापक पीएफएमएस या सरकारी पैसे अदा करण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर दुकानदाराच्या नावाने देयक टाकतात, दुसऱ्या लॉगिनवरून त्याला मान्यता मिळते आणि एक छापील आदेश निघतो. त्याला सगळे पीपीए म्हणतात. त्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांची सही होऊन तो बँकेत जातो आणि पैसे सरळ दुकानदाराच्या खात्यात पडतात. दहा दिवसांत बँकेत पोचला नाही तर पीपीए बाद, पुन्हा काढावा लागतो. ३१ मार्चला उरलेली मर्यादा परत जाते. सारांश, पासबुकाच्या मागे लागू नका. पीएफएमएसवरचा शाळेचा खर्च अहवाल आणि प्रत्येक पीपीएची प्रत मागा. पीपीएवर पैसे कोणाच्या खात्यात गेले ते नाव असतं आणि अध्यक्षाची सहीही असते. "मी कशावरच सही केली नाही" म्हणणाऱ्या माजी अध्यक्षांना तो कागद शांतपणे दाखवता येतो.

आता किती आलं असावं याचा अंदाज. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १०,०००, ३१ ते १०० पट असेल तर २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,०००, त्यावर १ लाख. तुमच्या ८६ पटाला वर्षाचे २५,००० रुपये. त्यातला किमान १० टक्के भाग, म्हणजे २,५००, स्वच्छतेवर जायला हवा. पण ही झाली कमाल रक्कम. प्रत्यक्षात निधी हप्त्याने येतो, आणि एखाद्या वर्षी दुसरा हप्ता येतच नाही. त्यामुळे "पंचवीस हजार कुठे गेले?" असं विचारण्याआधी जिल्ह्याचा निधी वितरण आदेश पाहून घ्या. त्यात शाळानिहाय किंवा तालुकानिहाय यादी असते. आलेच साडेबारा हजार असतील तर प्रश्नच चुकीचा ठरतो आणि पुढच्या खऱ्या प्रश्नाचीही किंमत जाते.

हक्काचं म्हणाल तर तो पक्का आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ मध्ये समितीची जी कामं दिली आहेत, त्यात शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि सरकार, स्थानिक प्राधिकरण किंवा इतर कोणत्याही मार्गाने आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं ही तिन्ही आहेत. 'इतर मार्ग' म्हणजे लोकवर्गणी, देणगीतला टीव्ही, माजी विद्यार्थ्यांनी दिलेले बाक हेही आलं. सदस्याला आरटीआय लागत नाही. सदस्य सचिवांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, साधं पत्र द्या: "पुढील सभेच्या विषयपत्रिकेत मागील दोन आर्थिक वर्षांच्या जमा-खर्चाचे वाचन हा विषय घ्यावा व मूळ अभिलेख सभेपुढे ठेवावेत." पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागणीची नोंद कुठेच होत नाही.

कागद फार नाहीत. रोकडवही, पावत्यांची फाइल (व्हाउचर), डेडस्टॉक म्हणजे जडवस्तू नोंदवही, खपणाऱ्या वस्तूंची साठा नोंदवही, तालुक्याला पाठवलेलं उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आणि समितीचं इतिवृत्त. हे सहा पुरे. सुटा कागद एकेकटा पाहिला तर सगळे ठीकच दिसतात. दोन कागद शेजारी ठेवायचे. पावतीवर दोन सिलिंग फॅन आहेत, तर डेडस्टॉकला दोन चढले का? आणि वर पाहिलं तर फिरतायत का? उपयोगिता प्रमाणपत्र ३१ मार्चचं आणि शेवटची पावती एप्रिलची, असं तर नाही?

इतिवृत्ताच्या वहीवर मात्र अर्धा तास घालवा. पानांना क्रमांक आहेत का? ठराव क्रमांक सलग आहेत का? सूचक-अनुमोदकांची नावं आहेत का? सभेची तारीख कॅलेंडरवर पाहा: रविवारी, दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत 'सभा' भरलेल्या सापडतात. शेवटच्या ओळीनंतर अर्धं पान कोरं आणि त्याखाली सह्या, असं असेल तर ती जागा नंतर भरण्यासाठी ठेवलेली असते. पाच सभांच्या सह्या एकाच शाईत, एकाच दाबाने उमटलेल्या असतील तर त्या एकाच बैठकीत झालेल्या आहेत. शासन निर्णयाप्रमाणे दर महिन्याला किमान एक सभा व्हायला हवी. वर्षाला बारा सभा, बाराही दिवशी सगळे सदस्य हजर आणि ठराव मात्र दरवेळी "वरील खर्चास मंजुरी देण्यात येते" एवढाच, अशी वही दिसली की समजा ती घरोघरी फिरवलेली आहे.

---

तीस_दिवस यांचं उत्तर

रोकडवहींशी सहमत. तरी पत्राला उत्तर आलं नाही, किंवा समितीत नसलेल्या पालकाला माहिती हवी असेल, तर आरटीआय.

पहिली चूक लोक करतात ती भाषेची. "अनुदान का खर्च केले नाही?", "भ्रष्टाचाराला जबाबदार कोण?" असे प्रश्न विचारतात. कायदा अभिलेखावर असलेली माहिती देतो, खुलासे देत नाही. 'का' आणि 'कोण जबाबदार' हे शब्द आले की "ही माहिती व्याख्येत बसत नाही" असं एका ओळीचं उत्तर मिळतं, आणि ते कायद्याला धरूनच असतं. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा अशीही अट आहे. अनुदान, खिचडी आणि शिक्षकांची रजा एकाच अर्जात कोंबू नका. तीन अर्ज करा.

नमुना देतो, 'जोडपत्र अ' मध्ये, म्हणजे आरटीआय अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, असाच उतरवा (युडायस क्र. म्हणजे शाळेचा ओळख क्रमांक):

> विषय: जि. प. प्राथमिक शाळा ______ (युडायस क्र. २७_________) येथील संयुक्त शाळा अनुदानाचे अभिलेख.
> कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५.
> तपशील: वरील कालावधीतील पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.
> १) शाळेस अनुदान वितरित केल्याचे आदेश.
> २) रोकडवहीची संबंधित पाने.
> ३) सर्व पीपीए व त्यांस जोडलेली देयके आणि दरपत्रके.
> ४) शाळेने सादर केलेली उपयोगिता प्रमाणपत्रे.
> ५) शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांची इतिवृत्ते, उपस्थितीच्या सह्यांसह.
> प्रती देण्यापूर्वी मूळ अभिलेखांचे निरीक्षण करावयाचे आहे. त्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.

शेवटची ओळ गाळू नका. प्रत दोन रुपये पान. सरसकट मागितलं तर तीनशे पानांचं शुल्कपत्र हातात येतं आणि त्यातली अडीचशे पानं निरुपयोगी निघतात. आधी बसून पाहा, पाहिजे त्या पानांचे क्रमांक टिपा, तेवढ्याच प्रती घ्या. निरीक्षणाच्या पहिल्या तासाला शुल्क नाही. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखला जोडा, मग शुल्क माफ.

अर्ज कोणाच्या नावे? जन माहिती अधिकाऱ्याचं नाव-पद कार्यालयाच्या दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. कलम ४(१)(ख) खाली स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबींत तेही येतं. जि. प. शाळांचे बरेच कागद पंचायत समितीच्या शिक्षण विभागात असतात, म्हणून तिथे दिलेला बरा. चुकीच्या ठिकाणी गेला तरी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांचं काम. "आमच्याकडे नाही" म्हणून परत देता येत नाही.

मुदती पाठ करा. माहितीला ३० दिवस. त्यात उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टँप. अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर कारण नोंदवून ४५. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. ३० दिवस उलटून गेले की कलम ७(६) खाली माहिती विनामूल्य द्यावी लागते. उशिरा आलेल्या पत्रात शुल्क मागितलं असेल तर भरू नका, अपिलात हा मुद्दा पहिला घ्या. आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० दंड करू शकतो, पण आयोगात प्रकरणं तुंबलेली आहेत. दुसऱ्या अपिलाच्या भरवशावर बसलात तर तुमचा सातवीतला मुलगा कॉलेजात जाईल.

याला एक जवळचा रस्ता आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकाने जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला खुले केले आहेत. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा, कारण खिडकीवरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही.

आणि मुलांची नावं, आधार क्रमांक, शिक्षकांची वैयक्तिक माहिती मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आरटीआयमधलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं आहे. एका नावामुळे अख्खा अर्ज नाकारायचं निमित्त होतं. लाभार्थ्यांची संख्या आणि रक्कम मागा. नावं झाकून उरलेला भाग द्या, असं कलम १० चा हवाला देऊन लिहा.

---

खडूफळा यांचं उत्तर

टेबलाच्या पलीकडची बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

लहान शाळेत मुख्याध्यापक हाच कारकून, हाच संगणक चालक आणि दोन वर्गांचा शिक्षक. अनुदानाची मर्यादा पुष्कळदा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडते आणि "आठ दिवसांत खर्च करा, नाहीतर परत जाईल" असा व्हॉट्सअ‍ॅप निरोप येतो. खडू, झाडू, फिनेल, वीजबिल, नळदुरुस्ती हे मात्र जूनपासून चालूच असतं. तो खर्च शिक्षकांच्या खिशातून होतो आणि मार्चमध्ये एकाच दुकानाच्या नावे एक मोठं बिल निघतं. कागदावर ते वाईटच दिसतं. पैसे खाल्लेच असतील असं मात्र नाही.

दुसरी अडचण, गावातला प्लंबर पक्कं बिल देत नाही आणि त्याच्या नावाची पीएफएमएसवर नोंद करायची म्हणजे बँकेचा तपशील लागतो. तो द्यायला तयार नसतो. मग तालुक्याच्या एखाद्या ट्रेडर्सचं बिल लावलं जातं, मजुरी 'साहित्य' होते. चूकच आहे. पण पकडायचीच असेल तर समितीने आधीच वाट करून द्यावी: जूनच्या सभेत वर्षाच्या कामांची प्राधान्ययादी ठरावाने मंजूर करा (पहिलं मुलींचं स्वच्छतागृह, दुसरं गळका पत्रा, तिसरं वीजबिल), मर्यादा कधीही पडो. तातडीच्या किरकोळ खर्चासाठी एक रक्कम ठरवा, त्याची सुटी नोंद ठेवायला सांगा, आणि पुढच्या सभेत ती वाचून घ्या. मग कार्योत्तर मंजुरीच्या नावाखाली काहीही खपवता येत नाही, आणि प्रामाणिक शिक्षकालाही आधार मिळतो.

समित्याही धुतल्या तांदळासारख्या नसतात. अध्यक्षाचा चुलतभाऊ रंगकाम करतो, म्हणून दरवर्षी रंगच. स्वच्छतागृहाला कडी नाही, भिंतीवर मात्र डोरेमॉन.

शाळा विकास आराखडा मागायला विसरू नका. कलम २२ खालचा हा तीन वर्षांचा आराखडा, त्यात वर्षवार उपआराखडे असतात. पट किती वाढेल, खोल्या-शिक्षक किती लागतील आणि पैसे किती, हे त्यात असतं. बहुतेक ठिकाणी मागच्याची नक्कल असते. पण समितीने खरोखर बसून केला तर मागणीला कायद्याचा आधार मिळतो.

---

चिंचेखालचा

बरीच वाट दिसली, आभार. इतिवृत्ताची वही पाहिली. दोन सभा मे महिन्यातल्या आहेत. आणखी एक: मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचं ८,४०० चं बिल शाळेच्या फाइलीत आहे आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही त्याच कामाचं नाव लिहिलेलं दिसतं. हे कसं पडताळायचं?

---

रोकडवही यांचं उत्तर

एकच काम दोन ठिकाणी लावणं हा शाळेच्या खर्चातला सर्वांत जुना प्रकार. ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून शाळेत काम करू शकते. त्यामुळे दोन्हीकडे नाव असणं एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. कदाचित तिने टाकी बसवली असेल आणि शाळेने दार.

ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की मंजूर आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च दिसतो. लॉगिन लागत नाही. तिथून कामाचं नाव, रक्कम आणि व्हाउचरची तारीख उतरवा. मग ग्रामपंचायतीकडून त्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (एमबी) पानं आणि काम सुरू होण्याआधीचे व नंतरचे फोटो मागा. खरं काय ते मोजमाप पुस्तिकेत कळतं, कारण तिथे 'दुरुस्ती' असा मोघम शब्द चालत नाही: फरशी इतके चौरस मीटर, दार इतके नग, नळ इतके. ते शाळेच्या बिलाशेजारी ठेवा. बाब आणि परिमाण दोन्ही जुळले, तर काम एक आणि बिलं दोन. मग मापपट्टी घेऊन स्वच्छतागृहात जा. दार एकच आहे आणि कागदावर दोन आलेत, हे कोणालाही दाखवता येतं.

बिल तपासायची सोपी युक्ती: त्यावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. जीएसटी संकेतस्थळावर 'करदाता शोधा' मध्ये तो टाका. नाव, व्यवसायाचा प्रकार, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कळतं. बिलाची तारीख नोंदणीच्या आधीची किंवा रद्द झाल्यानंतरची असेल तर बिलाची झेरॉक्स आणि त्या पानाची छापील प्रत एकत्र टाचा. स्टेशनरीचं दुकान आणि बिल प्लंबिंगचं, हेही तिथेच उघडं पडतं. मात्र क्रमांक नाही म्हणजे बिल खोटं असं नाही. छोट्या दुकानदाराला नोंदणी बंधनकारक नसते.

दरपत्रकं तीन असतील तर ती एकावर एक ठेवून उजेडाकडे धरा. तीन वेगळ्या दुकानांची पत्रकं, पण तपशिलाचा क्रम एकच, 'स्वच्छतागृह' या शब्दातली शुद्धलेखनाची चूकही एकच, आणि प्रत्येक दर दुसऱ्यापेक्षा बरोबर पन्नास रुपयांनी जास्त? मग तिन्ही एकाच टेबलावर लिहिलेली आहेत.

मे महिन्यातल्या सभांबद्दल घाई नको. सुट्टीत सभा घ्यायला बंदी नाही. त्या दिवशी मुख्याध्यापक रजेवर किंवा प्रशिक्षणाला होते का, एवढं हजेरीपटावरून पाहा.

---

पळीपंचपात्र यांचं उत्तर

सगळे अनुदानावर बोलतायत, पण शाळेत रोज येणारी आणि रोज संपणारी वस्तू म्हणजे तांदूळ. पोषण आहाराचा हिशेब समितीला सर्वांत सहज कळतो.

पहिली ते पाचवीला माणशी रोज १०० ग्रॅम, सहावी-सातवीला १५० ग्रॅम. समजा पहिली ते पाचवीची सरासरी हजेरी ५५, वरच्या दोन वर्गांची २०, महिन्यात आहाराचे २२ दिवस. ५५ × १०० × २२ = १२१ किलो. २० × १५० × २२ = ६६ किलो. एकूण १८७. महिन्याची सुरुवातीची शिल्लक अधिक आलेला माल, वजा १८७, हे उत्तर कोठीतल्या प्रत्यक्ष वजनाशी जुळायला हवं. पाच-सात किलोचा फरक घुशी-उंदरांचा, सांडलवंडीचा. तीस किलोचा फरक उंदीर करत नाही.

फरक पडतो तो दोन जागी. एक, माल उतरवताना गोणी न मोजता पावतीवर सही. शाळेत वजनकाटा हवा, गोणी मोजून कमी भरली तर पावतीवरच "प्रत्यक्ष प्राप्त वजन" लिहून सही करायची. कोऱ्या पावतीवर तर नाहीच. दोन, हजेरी. वर्गाचा हजेरीपट, आहार नोंदवही आणि ऑनलाइन रोज भरलेली लाभार्थी संख्या या तिन्हींत एकाच दिवसाचे तीन आकडे निघतात का पाहा. यात्रेचा, आठवडी बाजाराचा, मुसळधार पावसाचा दिवस निवडा. त्या दिवशीही पट ८६ आणि जेवणारे ८४ असतील, तर विचारायला जागा आहे.

चव नोंदवहीत पालकांनी रोज आळीपाळीने चव घेऊन शेरा लिहायचा असतो. 'उत्तम', 'उत्तम', 'उत्तम' अशा ओळीने महिने भरलेले दिसतात. एक दिवस कोणी "डाळ पातळ, मीठ जास्त" लिहिलं की आठवडाभर जेवण सुधारतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर मात्र राग काढू नका. डाळ किती काढून द्यायची हे त्या ठरवत नाहीत.

---

निमशहरी यांचा उपप्रश्न

आमची शाळा इंग्रजी माध्यमाची, खासगी, विनाअनुदानित. तिथे अशी समिती मागता येईल का?

---

तीस_दिवस यांचं उत्तर

नाही. कलम २१ ची समिती विनाअनुदानित शाळांना लागू नाही. तुम्हाला २०११ चा महाराष्ट्र शुल्क विनियमन कायदा आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ, आणि त्याच्या कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेतून एक पालक सोडतीने. व्यवस्थापनाने 'निवडलेले' पालक असतील तर ती समितीच वैध नाही, आणि तिने मान्य केलेल्या फीवर हरकत घेता येते. शाळा थेट आरटीआयखाली येत नसली तरी शिक्षणाधिकाऱ्यांकडे सादर केलेले कागद तिथून मागता येतात. जास्त खोलात जायचं तर वेगळा धागा काढा.

---

जुनी_पाटी यांचं उत्तर

चौथा प्रश्न राहिलाच. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा शाळा मंडळं आणि नगरपालिकांची शाळा मंडळं आणली होती. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यानंतर ग्रामीण शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. शहरांतली शिक्षण मंडळं पुढे अर्धशतक टिकली आणि २०१३ च्या निर्णयानंतर मुदत संपेल तशी गुंडाळली गेली. मंडळावर पुष्कळ टीका झाली, ती बहुतेक रास्तही होती. पण त्याची सभा व्हायची, विषयपत्रिका निघायची, बातमीदार बसायचे. आता तेच निर्णय फाइलीवर होतात, म्हणून शाळेतल्या समितीला महत्त्व आलं आहे.

तक्रारीची पायरी अशी: केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मुख्य कार्यकारी अधिकारी. पण नुसतं पत्र देऊ नका, पत्रावर "बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९, कलम ३२ अन्वये तक्रार" असा मथळा घाला. या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाला तीन महिन्यांत, दोन्ही बाजू ऐकून निकाल द्यावा लागतो, आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. मथळा नसेल तर तेच पत्र 'उचित कार्यवाहीसाठी' खाली येत येत शेवटी ज्यांच्याविरुद्ध आहे त्याच मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोचतं.

युडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकून शाळेचं प्रगतिपत्रकही उघडून ठेवा. त्यात खोल्या, चालू स्वच्छतागृहं, शिक्षक, अनुदानाची जमा आणि खर्च, एवढंच काय समितीच्या सभांची संख्याही असते. ती माहिती शाळेनेच भरलेली असल्यामुळे "हे आमचं नाही" म्हणता येत नाही.

---

चिंचेखालचा

शेवटचं एक. मागच्या वर्षीच्या चार सभांची इतिवृत्तं 'राहून गेली' म्हणून नव्या सदस्यांकडे सह्यांसाठी आणली आहेत. काय करायचं?

---

रोकडवही यांचं उत्तर

सही नाही. तुम्ही त्या तारखांना सदस्यच नव्हता. पुढच्या सभेत विषय घ्या: "मागील कालावधीतील अमुक-अमुक दिनांकांची इतिवृत्ते सह्यांविना आढळली, त्याची नोंद घेण्यात येत आहे." खाली त्या पानांचे क्रमांक लिहा आणि मोकळ्या जागांवर तिरकी रेघ मारून आजची तारीख घाला. मगच तुमच्या सह्या, त्याही शेवटच्या ओळीला चिकटून. त्याच सभेत बँकेसाठी सहीबदलाचा ठराव करा. माजी अध्यक्षांचं मूल शाळेतून गेलं असेल आणि बँकेत नमुना सही अजून त्यांचीच असेल, तर पुढचा पीपीएही त्यांच्याच नावाने निघेल. बँकेला ठरावाची प्रत, नव्या अध्यक्षांची केवायसी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं. मार्चची गर्दी सुरू व्हायच्या आत ते उरकून घ्या.